फारसी वृत्तें आणि पश्चिमेचा वारा

खानदेशांत जळगांव येथें 1936 सालीं मराठी साहित्य संमेलन भरलें. पाचोऱ्यासारख्या शेजारच्या गांवांना तो घरचाच सोहळा. अध्यक्षस्थानीं कवि माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन हे होते. ते फारसीचे व्यासंगी अध्यापक. त्यांचा फारसी-मराठी कोश 1925 सालीं प्रसिद्ध झाला. गज्जल व रुबाई हे फारसी रचनाप्रकार अर्वाचीन मराठींत रुजविण्याचें श्रेयहि मुख्यतः त्यांचेंच.

परंतु फारसी वृत्तें अशीं मराठींत येत असतां खुद्द इराणांत त्यांचे बंध सैल होत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नीमा यूशीज या कवीनें तेहरानच्या मिशनरी शाळेंत फ्रेंच शिकून त्या भाषेंतील काव्याचा परिचय करून घेतला. त्याच्या 1922 च्या 'अफसाने' या दीर्घकाव्यांत फ्रेंच रोमँटिक कवींची छाया दिसते. पुढें 1938 च्या सुमारास त्यानें जुन्या वृत्तांतील गण कायम ठेवले. मात्र प्रत्येक ओळींत ते सारख्याच संख्येनें असावेत, हा नियम सोडला. ओळ किती लांब असावी हें आतां भाव ठरवूं लागला.

मग माधवरावांवर पश्चिमेचा परिणाम झालाच नाहीं काय? झाला, पण निराळ्या ठिकाणीं. फारसी गज्जलेंतील प्रत्येक शेर अर्थानें स्वतंत्र असतो. सुटे मणी यमकाच्या दोऱ्यांत ओवावेत तसा. माधवरावांच्या पुष्कळ गज्जलांत मात्र एकच भावना आरंभापासून अखेरपर्यंत वाहते. ही रीत इंग्रजी भावगीताची. केशवसुतांपासून (1866–1905) ती मराठींत मुरत आलेली होती. पात्र फारसी आणि पाणी पश्चिमेचें, असा हा योग जुळला. शेराचें स्वातंत्र्य मराठींत प्रतिष्ठा पावलें तें पुढें, सुरेश भटांच्या (1932–2003) हातून.

उमर खय्यामाची कथा याहून बोलकी. फिट्झेराल्डच्या 1859 च्या इंग्रजी अनुवादानें तो जगभर पोंचला. माधवरावांनीं 1929 सालीं मूळ फारसीवरून रुबाया मराठींत आणल्या, आणि 1931 सालीं 'द्राक्षकन्या' या नांवानें फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरूनहि अनुवाद केला. त्यामुळें इराणी खय्याम कोणता व इंग्रजी खय्याम कोणता, हें मराठी वाचकास ताडून पाहतां आलें.

उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. कोणाकडून काय घेतलें, याचा हिशेब मात्र स्वच्छ असावा. माधवरावांनीं तो ठेवला होता.