प्रातःकाळची पंधरा मिनिटे

पेण आणि रोहे या दोन्ही गावांची उपजीविका बव्हंशी वाकलेल्या पाठीवर चालते. पेणेच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळणारा, साच्यातून मूर्ती काढणारा, रंग देणारा आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा, असे सगळेच कारागीर मांडी घालून अथवा उकिडवे बसून तासन् तास पुढे झुकलेले असतात. हमरापूर, जोहे या बाजूच्या गावांत तर घराघरांतून हा उद्योग चालतो. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठची भातशेती. आषाढात लावणी सुरू झाली की गुडघाभर चिखलात कमरेतून वाकलेल्या बायकांची पाठ दिवसभरात क्वचितच सरळ होते. धाटावच्या कारखान्यांतील कामगार, दिव्याकडे जाणाऱ्या गाडीने रोज प्रवास करणारे नोकरदार आणि गल्ल्यावर बसणारे दुकानदार यांचे कष्ट निराळ्या जातीचे खरे. पण त्यांचाही कणा पुढेच कललेला असतो.

अशा माणसाला व्यायामाची गोष्ट सांगितली, तर त्याचे उत्तर ठरलेले असते. दिवसभर राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? हे उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु श्रम आणि व्यायाम यांत एक महत्त्वाचा भेद आहे. श्रमात शरीर कामाच्या सोयीने वळते, व्यायामात ते शरीराच्या सोयीने वळवावयाचे असते. आखणी करणाऱ्याचा हात दिवसाकाठी शेकडो वेळा हलतो, परंतु त्याची छाती एकदाही मागे झुकत नाही. जे स्नायू सदैव ताणलेले राहतात ते दुबळे होतात, जे सदैव आखडलेले राहतात ते आखूड होतात, आणि मग चाळिशीच्या आतच उठताना हात जमिनीला टेकवावा लागतो. म्हणून या गावांतल्या घरांना जी योगासने सुचवावयाची, ती दिवसाच्या कामाच्या उलट दिशेची असली पाहिजेत. पाठ पुढे वाकवणारी आसने सुंदर दिसतात, चित्रांतून तीच फार आढळतात. पण ज्याची पाठ बारा तास वाकलेलीच असते त्याला त्यांची गरज सर्वांत कमी.

येथे पेण तालुक्याच्याच एका सुपुत्राचे उदाहरण आठवते. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. प्रकृतीने ते काटक नव्हते. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईस संस्कृताच्या अध्ययनासाठी राहिले, त्या काळात प्रकृती सुधारण्याचाही त्यांनी चंग बांधला. आरंभी रोज दहा-बारा मैल चालणे, नंतर काही शेर धान्य दळणे आणि पुढे रोज ३०० सूर्यनमस्कार, असा आपला क्रम त्यांनी १९१८ साली गांधीजींना पत्राने कळवला होता. हाच मनुष्य पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा स्वतः आयुष्यभर आचार आणि लेखनाद्वारे व संस्थानातील शाळांतून प्रचार केला. महाराष्ट्रातील घराघरांत नमस्कार पोचले, त्याचे मोठे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

या थोर उदाहरणांचा एक अनिष्ट परिणामही झाला आहे, तो असा की व्यायामाचे मोल आकड्यांत होऊ लागले. नव्या वर्षाच्या उत्साहात पहिल्याच दिवशी पन्नास नमस्कार घालावेत, दुसऱ्या दिवशी मांड्या धराव्यात आणि तिसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून माळ्यावर जावी, हा अनुभव कोणत्या घरात नाही? विनोबांचा आकडा सर्वांना ठाऊक असतो, पण ते त्या आकड्यापर्यंत चालण्यावरून आणि दळणावरून पायरीपायरीने आले, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही.

लहान क्रमाला शास्त्रीय बैठक देण्याचे काम बोरघाटाच्या माथ्यावर, म्हणजे या गावांपासून फार दूर नव्हे, झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व क्रिया चालू असता शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापक यंत्रांनी तपासून पाहण्याचा उपक्रम त्यांनी केला. त्यांनी पूर्ण पाठक्रमाबरोबर लघु पाठक्रमही आखून दिले, कारण संसारी माणसापाशी वेळ थोडा असतो, हे त्या ब्रह्मचारी संशोधकाने नेमके ओळखले होते.

आता प्रत्यक्ष क्रमाकडे वळू. त्याआधी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे, कारण सकाळच्या व्यायामाच्या बाबतीत ती नेहमी दुर्लक्षिली जाते. पाठीच्या मणक्यांमध्ये ज्या लवचीक चकत्या असतात, त्या रात्री निजल्यावर पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी मनुष्य रात्रीपेक्षा किंचित उंच भरतो. तशा फुगलेल्या चकत्यांवर, उठल्याबरोबर खोल पुढे वाकले असता, एरव्हीपेक्षा बराच अधिक ताण पडतो. यास्तव अंथरुणातून उठून लगेच पायांचे अंगठे धरण्याचा अट्टहास करू नये. अर्धा-पाऊण तास घरात वावरावे, पाणी भरावे, अंगण झाडावे, मग सतरंजी घालावी. पोट रिकामे असावे. पेलाभर पाणी चालेल. पावसाळ्यात कोकणातली लादी ओलसर व निसरडी होते, तेव्हा खाली जाड सतरंजी अथवा घोंगडी हवीच. जागा म्हणाल तर एक माणूस पसरेल एवढी पुरते, मग ती जुन्या घराची पडवी असो वा नव्या इमारतीतील खोली.

प्रथम ताडासन. पाय किंचित अंतरावर ठेवून उभे राहावे, दोन्ही हात वर ताणावेत, श्वास घेत टाचा उचलाव्यात आणि श्वास सोडत खाली याव्यात. पाच-सहा वेळा. नंतर मार्जारासन, म्हणजे हात व गुडघे टेकून मांजराप्रमाणे पाठ एकदा वर कमानदार करणे आणि एकदा खाली सोडणे. हे हळू करावे. रात्रभराचा ताठरपणा सोडविण्यास यासारखे सौम्य आसन नाही.

यानंतर क्रमाचा गाभा येतो. पालथे निजून तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत आणि डोके, मग छाती सावकाश वर उचलावी. बेंबी जमिनीलाच राहू द्यावी. हे भुजंगासन. यात पुष्कळ लोक हातांनी जमीन रेटून अंग वर लोटतात. तसे केल्याने आसन दिसते मोठे, पण काम होते हातांचे. हात नुसते आधाराला हवेत. उचलण्याचे काम पाठीच्या स्नायूंकडून करून घ्यावे, मग छाती चार बोटेच वर आली तरी चालेल. तीन-चार श्वास थांबून खाली यावे आणि असे तीनदा करावे. त्याच स्थितीत पडून एकेक पाय गुडघ्यात न वाकवता उचलणे, हे अर्धशलभासन. आखणी करणारा कारागीर असो की लावणीहून परतलेली बाई, दुसरे काही न जमले तरी ही दोन आसने सोडू नयेत. नंतर बसून वक्रासनाने कण्याला दोन्ही बाजूंनी हळुवार पीळ द्यावा.

सूर्यनमस्कार यानंतर, आणि तेही दोन ते सहा. ज्यात ओणवून हात जमिनीस टेकवावयाचे असतात, त्या स्थितीत गुडघे थोडे वाकू द्यावेत; औंधच्या राजांनी पाहिले तर ते नाक मुरडतील, पण कंबर दुवा देईल. शेवटी दोन मिनिटे शवासन आणि मिनिटभर दीर्घ, संथ श्वसन. श्वास कोंडून धरण्याचे प्रयोग पुस्तक पाहून करू नयेत. हा सारा क्रम पंधरा मिनिटांत आटोपतो.

काहींनी मात्र यातही निवड केली पाहिजे. रक्तदाब वाढलेला असणारे, अंतर्गळ असणारे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये. गरोदर स्त्रियांनी पालथी आसने वर्ज्य समजावीत. काचबिंदू झालेल्यांनी डोके खाली जाईल अशा स्थिती टाळाव्यात, कारण त्यांत डोळ्यातील दाब वाढतो. गुडघे धरलेल्या वृद्धांना जमिनीवर बसणेच कठीण. त्यांच्यासाठी खुर्ची आणि भिंत यांचा आधार घेण्यात काही कमीपणा नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे अशा साध्या साधनांचा उपयोग करून अशा शरीरांनाही आसने साध्य करून दिली.

फायद्याविषयी बोलताना जीभ आवरणे बरे. योगासनांनी सर्व रोग जातात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. जुनाट कंबरदुखीवरील प्रयोगांचा एक पद्धतशीर आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला. मुळीच व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने योगासने करणाऱ्यांची हालचाल काहीशी सुधारते, परंतु पाठीच्या इतर योग्य व्यायामांहून योगासने वरचढ आहेत असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यातून दिसले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्याला पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही आणि जे घरात बसून करता येते, ते इतर उपायांच्या बरोबरीचे ठरावे, हेही थोडे नव्हे. तरीही बैठी नोकरी करणाऱ्याने या पंधरा मिनिटांवर संतुष्ट राहून चालणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, ती निराळीच.

धाटावच्या रातपाळीवाल्याचा प्रश्न राहतो. त्याने उजाडता घरी येऊन थकल्या अंगाने आसने करण्यापेक्षा आधी झोपावे. दुपारी उठल्यावर, जेवणाआधी, तीच त्याची सकाळ. गणपतीच्या आधीचे काही आठवडे पेणेच्या कारखान्यांतही रात्रीचा दिवस होतो आणि पंधरा मिनिटे मिळणेही दुरापास्त होते. त्या दिवसांत क्रम मोडला तर मोडू द्यावा. मात्र दर तासाभराने कुंचला खाली ठेवून उठावे, दोन्ही तळहात कमरेवर ठेवून तीन-चारदा सावकाश मागे झुकावे, नजर क्षणभर मूर्तीवरून काढून दूर, उघड्या दाराबाहेर न्यावी आणि पुन्हा कामाला बसावे.