दार आपोआप उघडावं, पण नोंद ठेवून

इंट्रोव्हर्शन सॉफ्टवेअर या ब्रिटिश कंपनीने 2015 मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणलेला ‘प्रिझन आर्किटेक्ट’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला मोकळी जमीन आणि मोजके पैसे देतो आणि तुरुंग बांधून चालवायला सांगतो. नवख्या खेळाडूचा घाम बहुतेक वेळा दारांपाशी निघतो. कैदी दाराशी येऊन उभा राहतो, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. जेवणाची वेळ टळते, रांग वाढते, डोकी तापतात, मारामारी होते. यावर खेळातच उपाय आहे: दाराला मोटर लावायची, तिथून तार ओढून नियंत्रण कक्षात न्यायची आणि एका शिपायाला तिथे बसवायचं. ठरलेल्या वेळी दार उघडणारं टायमरही मिळतं. याच्या पुढे जाऊन दारांनी माणूस ओळखावा, गर्दी पाहावी, शिपायाशिवायच काम भागवावं, अशी सूचना कुणी केली तर ती स्वाभाविक आहे. माझं म्हणणं असं की ही सूचना खेळात आणि खऱ्या तुरुंगातही स्वीकारण्यासारखी आहे. अट एकच. दाराने निर्णय घेऊ नये. प्रत्येक उघडझाप नोंदवावी आणि चूक होत असेल तिथे अडवावं.

आपल्या परभणीच्या जिल्हा कारागृहाकडे या नजरेने पाहिलं की खेळातलं आणि आपलं अंतर लगेच दिसतं. पाश्चात्त्य तुरुंगांत एका-दोघांना एक कोठडी आणि प्रत्येक कोठडीला एक दार, असा नमुना असतो. आपल्या जिल्हा कारागृहांत बहुतेक बंदी बराकीत एकत्र राहतात, म्हणजे एका कुलुपामागे कित्येक माणसं असतात. त्यात गर्दी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत महाराष्ट्रातल्या कारागृहांत क्षमतेच्या सुमारे 161 टक्के बंदी होते आणि देशभरातल्या बंद्यांपैकी तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटला सुरू असलेले. न्यायाधीन बंद्याला तारीख असते, वकील असतो, मुलाखतीला आलेले नातेवाईक असतात, जामिनाचा आदेश कधीही येतो. गंगाखेड, जिंतूर, सेलू इथल्या कोर्टाची तारीख म्हटली की बराक, आतलं फाटक, मुख्य दरवाजा अशी तीन-चार कुलुपं सकाळी उघडतात आणि परतल्यावर पुन्हा तीच. शिक्षा भोगणाऱ्यापेक्षा खटल्याची वाट पाहणाऱ्यामुळे आपली दारं जास्त हलतात. म्हणून आपल्याकडे दाराचा प्रश्न कुलूप किती मजबूत आहे एवढ्यावर संपत नाही. कोण, कधी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या अवस्थेत आत-बाहेर गेलं, तो खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर जुन्या तुरुंगरचनेनेच अर्धंअधिक देऊन ठेवलं आहे. कोणत्याही कारागृहाचं प्रवेशद्वार नीट पाहिलं तर तिथे एक नाही, दोन दरवाजे असतात आणि मध्ये एक बंदिस्त जागा. माणूस मोठ्या फाटकातल्या दिंडी दरवाजातून वाकून आत येतो, मागचं दार बंद होतं, झडती होते, वहीत नाव आणि वेळ पडते आणि मगच पुढचं दार उघडतं. दोन्ही दारं एका वेळी उघडी ठेवायची नाहीत, हा नियम. यंत्राला देण्याजोगं काम हेच आहे. बाहेरचं दार पूर्ण लागल्याशिवाय आतल्या दाराला वीजच पोहोचणार नाही, अशी जोडणी साधी आणि स्वस्त असते. शिपाई दमलेला असो की घाईत, ती चुकत नाही. दुसरं काम वेळ लिहिण्याचं. वहीतली वेळ मागाहून लिहिता येते, खाडाखोड करता येते. मोटरने उघडलेल्या दाराची वेळ त्या क्षणी उमटते आणि तिची प्रत दुसरीकडे ठेवली तर कुणाला ती सहज बदलता येत नाही.

परभणीकरांना या नोंदीचं मोल वेगळं सांगायला नको. 15 डिसेंबर 2024 रोजी शहरात न्यायालयीन कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि पुढे जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. अशा प्रत्येक प्रकरणात माणूस कुणाच्या ताब्यात किती वेळ होता, त्याला कधी हलवलं, डॉक्टर कधी आले, यांवर चौकशी उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या परमवीरसिंग सैनी निकालात पोलीस ठाण्यांची प्रवेशद्वारं आणि लॉकअप कॅमेऱ्याखाली आणायला सांगितलं, ते याच कारणाने. दाराची नोंद कॅमेऱ्याला पूरक ठरते: चित्र धूसर असलं तरी वेळ स्पष्ट राहते.

आता आक्षेप. यंत्र बिघडतं, हा पहिला आणि तो खरा आहे. जून 2013 मध्ये अमेरिकेतल्या मायामीच्या टर्नर गिल्फर्ड नाइट तुरुंगात संगणकीय यंत्रणेतून एका विभागाची सगळी दारं एकदम उघडली. हल्लेखोरांपासून वाचायला एका कैद्याला वरच्या मजल्यावरून उडी मारावी लागली. त्याआधी 2011 मध्येच सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं होतं की तुरुंगाची दारं चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकांमध्ये बाहेरून शिरकाव करता येतो. पण माणसाच्या हातातली किल्लीही निर्दोष नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये होंडुरासमधल्या कोमायाग्वा तुरुंगाला आग लागली, कुलुपं वेळेवर उघडली नाहीत आणि 350 हून अधिक माणसं गेली. तेव्हा यंत्र की किल्ली, असा वाद घालण्यात अर्थ नाही. वीज गेली तर कोणतं दार उघडं राहील, कोणतं बंद, आणि हाताने उघडायची किल्ली कुणाच्या कमरेला असेल, हे आधी लिहून ठरवायला हवं. भारनियमन अनुभवलेल्या मराठवाड्यात तर हा पहिलाच प्रश्न असायला हवा.

दुसरा मुद्दा मनुष्यबळाचा: शिपाई कमी आहेत, दारं आपोआप चालली तर तेवढे हात वाचतील. वाचावेत, पण बराकीतून काढून घेण्यासाठी नव्हे. कुलूप उघडायला आलेला शिपाई फक्त कुलूप उघडत नाही. कोण उठलेला नाही, कोणाचं अंग तापलंय, कोण कोपऱ्यात तोंड फिरवून बसलाय, हे त्याला दिसतं. शिपाई तिथून हलवला तर गिनती जुळेल, माणूस दिसणार नाही. आणि हे सगळं खेळात कशाला, असं कुणी म्हणेल, तर त्याचं कारण असं की अनेक तरुणांना तुरुंग आतून कसा चालतो याची पहिली कल्पना अशा खेळातूनच येते. खेळातल्या स्वयंचलित दाराला वीजबिल, बिघाड, आगीच्या वेळचा नियम आणि न पुसता येणारी नोंदवही जोडली, तर खेळ अवघड होईल, आणि जास्त खराही.

परभणीत सुरुवात करायची तर मुख्य दरवाजाच्या दोन फाटकांपासून करावी. तिथे परस्पर-अडसर आणि वेळनोंद बसवावी, नोंदीची प्रत दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांकडे आणि कारागृहाच्या अभ्यागत मंडळाकडे जावी आणि बराकीच्या दारांना वर्षभर तरी हात लावू नये.