किमतीच्या पाटीवर नसलेला खर्च

रायपूरच्या तात्यापाऱ्यातली गल्ली संपली की दुचाकी जी. ई. रोडला लागते. हा जुना ग्रेट ईस्टर्न रोड. पश्चिमेकडे वळलं की दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा आणि नागपूर. पूर्वेकडे महासमुंद, सरायपाली आणि पुढे ओडिशातलं संबळपूर. छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आलं तेव्हापासून मराठी माणसं या बाजूला येत राहिली, आणि तात्यापारा ही त्यांच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. इथल्या घरांची सोयरीक नागपूरला आणि पोरं नोकरीला पुण्याला, असा मामला. पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला नागपूर गाठता येतं. दक्षिणेला धमतरी, कांकेर करत केशकालचा घाट चढला की संध्याकाळच्या आत जगदलपूर, आणि पावसाळ्यात पुढे दुथडी भरलेला चित्रकोटचा धबधबा. अशा ठिकाणी राहणाऱ्या तरुणाला लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची ओढ लागली तर नवल ते काय?

ही ओढ पुरी करण्यात मोठा आनंद आहे. पण शोरूममध्ये कागदावर मांडला जातो तो आकडा गाडी दाराशी आणण्याचा असतो, तिला तीन-चार वर्षं फिरवण्याचा नसतो. या दोहोंमधलं अंतर सहज लाखाच्या पुढे जातं. कर्जाचा हप्ता ठरवताना घरातल्या कोणालाच ते ठाऊक नसतं, आणि मग गाडी दारात आल्यावर कुरबुरी सुरू होतात.

पहिली गोम इंजिनाच्या आकड्यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्याआधी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के होत. करापूर्वी दोन लाखांची गाडी धरली तर आज रेषेच्या अलीकडे ३६ हजार रुपये कर आणि पलीकडे ८० हजार. क्लासिक ३५० अलीकडे राहते. ४५२ सीसीची हिमालयन किंवा केटीएमची ३९० ॲडव्हेंचर पलीकडे जाते. विम्यातही तीच रेषा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७. त्यावर जीएसटी वेगळा. शंभर सीसी जास्त घेताना ग्राहक ताकदीचा विचार करतो, पण करात आणि विम्यात तो त्या शंभर सीसींचे पैसे वेगळे मोजत असतो.

इथवरचा खर्च निदान पावतीवर दिसतो. पुढचा तसा दिसत नाही.

तात्यापाऱ्यातल्या एखाद्या तरुणाचं उदाहरण धरू. गाडी घरी आली, पेढे वाटले, बाजूच्या मारुतीला नारळ फुटला. पहिल्याच आठवड्यात लेगगार्ड येतो, कारण गाडी पडली तर टाकी वाचली पाहिजे. लेगगार्ड आला की त्याला फॉग लाइट लावायला आयती जागा होते. दिव्यांपाठोपाठ मोबाइल चार्जर, मग मोठा हॉर्न. या सगळ्यांना वीज लागते, आणि गाडीचा अल्टरनेटर कंपनीने मूळ गाडीपुरता बेतलेला असतो. चाळीस वॉटची दिव्यांची जोडी बारा व्होल्टवर सव्वातीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढते. गावात, सिग्नलवर, कमी आरपीएमवर गाडी तेवढी वीज बनवत नाही. मग बॅटरी आतून रिकामी होत जाते आणि एके दिवशी सेल्फ नुसता टकटक करतो.

हे दिवे बसवले कसे जातात तेही जवळून पाहावं. योग्य पद्धत अशी, की बॅटरीवरून वेगळी वायर घ्यायची, तिला स्वतःचा फ्यूज आणि रिले द्यायचा, आणि हँडलवरच्या बटणाने फक्त रिले चालवायचा. घाईचं काम वेगळं असतं. मिस्त्री हेडलाइटच्या वायरवरचं प्लॅस्टिक बोटभर सोलतो, त्याला नवी तार पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो. दहा मिनिटांत दिवे लागतात आणि काम स्वस्तात होतं. रायपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. त्या उन्हात टेपचा गोंद सुटतो. जुलैत घाटातला पाऊस त्या जोडात शिरतो, तांबं हिरवं पडतं, आणि अंधारात ओल्या वळणावर फ्यूज उडाला तर नव्या दिव्यांबरोबर कंपनीचा हेडलाइटही जातो. वॉरंटीत हे बसत नाही, कारण मूळ वायरिंग कापलेलं असतं. दोन-तीनशे रुपयांचा रिले वाचवला म्हणून अख्खी वायरिंग हार्नेस बदलावी लागते.

वजनाची कथाही अशीच एकातून एक निघणारी आहे. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला रुबाबदार. पण दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांना धरणारी लोखंडी चौकट मिळून बारा-पंधरा किलो सहज भरतात, आणि किंमत तीस हजारांच्या आसपास जाते. त्यात सामान भरलं, मागे माणूस बसला, की मागचं सस्पेन्शन तळाला टेकतं. मग कोणीतरी कडक स्प्रिंग सुचवतं, आणि मूळ टायर लवकर झिजला म्हणून महागडा टायर. प्रत्येक वस्तू आपल्यामागून दुसरी घेऊन येते. गाडीच्या पुस्तिकेत तिने एकूण किती वजन पेलायचं ते छापलेलं असतं. पण पेट्या घेण्याआधी ते पान उघडणारे फार थोडे. कापडी सॅडलबॅग चार-सहा हजारांत मिळते, हलकी असते, घरी आल्यावर घडी करून कपाटात जाते. वर्षातून दोनदा बस्तर आणि एकदा नागपूर एवढंच ज्याचं फिरणं आहे त्याने पेट्यांच्या वाटेला जाऊ नये, असं इथे स्पष्ट सांगावंसं वाटतं.

कंपन्यांनाही ही साखळी कळली आहे. बजाजने डोमिनार ४०० ही २०२१ मध्ये उंच काच, हँडगार्ड, लेगगार्ड, इंजिनाखालची पत्री, मागचं कॅरिअर असं सामान कारखान्यातूनच बसवून विकायला काढली. ग्राहकाला याचा एक फायदा लक्षात येत नाही: कारखान्यातून आलेली वस्तू गाडीच्या किमतीत धरली जाते, म्हणून ती विम्यातही येते. बाहेरून बसवलेली वस्तू विमा कंपनीला कळवून, तिचा जादा हप्ता भरून पॉलिसीवर चढवावी लागते. नाही चढवली, तर अपघातात पेटी चेपली काय नि दिवे फुटले काय, भरपाई शून्य.

विम्याची आणखी एक बाजू आहे. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. टूरिंगची गाडी आडवी झाली की आधी तुटतात त्या वस्तू कोणत्या? काच, हँडगार्ड, इंडिकेटर, बाजूचं फेअरिंग, म्हणजे बहुतेक प्लॅस्टिकच. दहा हजारांचं प्लॅस्टिक बदललं तर पाच हजार खिशातून. शून्य घसाऱ्याची जोड-पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

आणि सीमा. भारतातली वाहन पॉलिसी मुळात भारतापुरती असते. नेपाळ किंवा भूतानला जायचं तर तिची हद्द वाढवून घ्यावी लागते, त्याचे पैसे वेगळे. रायपूरहून नेपाळची योजना आखणारे हॉटेल आणि पेट्रोल मोजतात. हा कागद मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतो.

दूरच्या प्रवासात काय पणाला लागतं ते मुंबईच्या योगेश आळेकरी यांच्या बाबतीत दिसलं. २०२५ साली ते केटीएम ३९० ॲडव्हेंचरवर मुंबईहून निघाले आणि सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोहोचले. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये एका बागेजवळ उभी केलेली गाडी चोरीला गेली, आणि गाडीवरच्या पेट्यांमधला पासपोर्ट, पैसे, सामान सगळं तिच्याबरोबर गेलं. पुढे तिथल्या एका मोटारसायकल दुकानाने त्यांना दुसरी गाडी दिली, हा माणुसकीचा भाग. पण गाडीचा विमा आणि गाडीवरच्या सामानाचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागपूरच्या ढाब्यापुढे गाडी उभी करणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

कायद्याचाही खर्च आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचा सायलेन्सर हे यातलं सर्वांत घातक वेड. मूळ सायलेन्सर माळ्यावर जातो, नवा दहा-पंधरा हजार खातो, पोलिसांनी पकडला की तोही जातो. त्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप जाते ती वेगळीच.

या सगळ्या गर्दीत जो खर्च आधी व्हायला हवा तो शेवटी राहतो: अंगावरचा. आयएसआयचं हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. त्याशिवाय खांद्या-कोपरांना आणि पाठीला ढाल असलेलं जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचं कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट, असा संच भारतीय बनावटीचा घेतला तरी पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. म्हणजे पेट्यांइतकाच. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजायचं, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि पुन्हा फुगत नाही. जॅकेटचंही रायपूरला एक दुखणं आहे. थंडीत चालणारं जाड जॅकेट एप्रिलपासून अंगावर ठेववत नाही, आणि मग ते घरीच राहतं. इथल्या माणसाने जाळीचंच घ्यावं आणि पावसाचा थर वेगळा ठेवावा.

आता झिजेचा हिशोब. रायपूर ते पुणे आणि परत म्हणजे साधारण दोन हजार किलोमीटर. लिटरला तीस किलोमीटर ॲव्हरेज आणि शंभर रुपये लिटर धरलं तर पेट्रोल ६,७०० रुपयांच्या आत. हे सगळे मोजतात. पण मागचा टायर सहा हजारांचा आणि बारा हजार किलोमीटर चालणारा धरला तर किलोमीटरला पन्नास पैसे त्याचे. पुढच्या टायरचे वीस, चेनसेटचे पंचवीस, ऑइल-सर्व्हिसिंगचे चाळीस. बेरीज एक रुपया पस्तीस पैसे. म्हणजे या एका फेरीत आणखी २,७०० रुपये झिजून गेले, आणि त्यांची पावती काही महिन्यांनी येते. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून तेल दिलं तरच हा आकडा टिकतो, नाहीतर चेनसेट अर्ध्यातच दात दाखवतो. काही टूरिंग गाड्यांना मेन स्टँडच येत नाही. मग चेन धुवायला चाक उचलणारा वेगळा स्टँड घ्या. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती ट्यूब असलेल्या स्पोक चाकांवर. कांकेरच्या पुढे जंगलात ट्यूबचा पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं; ट्यूबलेसला तिथेच दोऱ्याचा पॅच लावून निघता येतं.

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, ही जमेची बाजू. पण नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. जुन्या रस्त्याने जायचं तर एका मुक्कामाचे पैसे आधीच बाजूला काढलेले बरे.

उभ्या गाडीचाही खर्च होतो. वर्षातले तीनशे दिवस ती घरापुढे उभी असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर तशीच राहिली तर गंज आतून धरतो. शिवाय जुन्या इंधनासाठी बेतलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज या मिश्रणावर तीन-चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता.

तात्यापाऱ्यातल्या मुलांसाठी शेवटचा खर्च नंबर प्लेटचा. नोकरी पुण्याला लागते, सीजी ०४ ची गाडी आझाद हिंद एक्स्प्रेसमधून पार्सलने जाते. टाकीतलं पेट्रोल काढून, पोत्यात गुंडाळून. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो: रायपूरच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर नव्याने, आणि इथल्या कराचा परतावा मागायला पुन्हा हेलपाटे. पुण्यात दोन वर्षं काढून गाडी विकायची वेळ आली की घेणारा आधी हेच कागद मागतो. मग तो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर नखाने दाबतो, दिव्यांच्या वायरी कुठून आल्यात ते वाकून पाहतो आणि पेट्या काढून घ्या म्हणतो, त्यांचे पैसे देणार नाही. पेट्या रायपूरला परत येतात आणि माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, जागा धरून बसतात.