कसुतीची परतीची वाट

धारवाड-हुबळी भागातल्या कसुती भरतकामाचे कौतुक बहुतेकदा नक्षीच्या नावांनी होते: गोपुर, रथ, पालखी, तुळशी वृंदावन, हत्ती, मोर, शंख. इरकल लुगड्यांमुळे आणि काळ्या चंद्रकळेमुळे ही नावे मराठी घरांनाही परकी नाहीत. पण नुसत्या नावांनी या कलेची ओळख पटत नाही. रथ दिसला की आपण त्याच्या आकाराला दाद देतो आणि आकार तर पिढ्यानपिढ्या तोच आहे असे म्हणून मोकळे होतो. मग भरणारी बाई केवळ हातांनी राबणारी ठरते आणि तिची मजुरीही त्याच समजावर बेतली जाते. माझे म्हणणे असे, की कसुतीतली खरी रचना आकारात कमी आणि सुईच्या वाटेत जास्त आहे. ती वाट भरणारीच आखते.

कसुतीसाठी कापडावर छाप मारत नाहीत, पेन्सिलीची रेघही ओढत नाहीत. उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. टाके मुख्यतः चार. मेंथी म्हणजे आपण ज्याला क्रॉस स्टिच म्हणतो तो. त्याला दोरा बराच लागतो. नेयगी विणीसारखी दिसते. लहानमोठ्या धावदोऱ्यांनी ती भरतात, त्यामुळे उलट बाजूला नक्षीचे नेमके उलटे रूप उमटते. कसुतीचा कस लागतो तो गवंतीत आणि जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत्या मुर्गीत. तिथे जाताना एक टाका वर, एक खाली असे धावदोरा घालत जायचे आणि परतताना राहिलेल्या जागा भरायच्या. गाठ कुठेच मारायची नाही. काम संपले की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पदर डोक्यावरून किंवा खांद्यावरून वळतो तेव्हा त्याची उलट बाजूही लोकांना दिसते, म्हणून ही शिस्त तिथे शोभते. युरोपात याच टाक्याला होल्बाइन या चित्रकाराचे नाव मिळाले, कारण त्याने रंगवलेल्या माणसांच्या कपड्यांवर तसे काम दिसते.

आता वृंदावनाची नक्षी घ्या. पायापासून वर जाणाऱ्या रेघेला दोन्ही बाजूंनी फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यात शिरून टोक गाठायचे आणि त्याच वाटेने परत मूळ रेघेवर यायचे. एखादा फाटा जाताना राहिला तर परतताना घेता येतो. पण परतीतही सुटला, तर तिथे पोचायला मागून आडवा दोरा न्यावा लागतो किंवा नवा दोरा सुरू करावा लागतो, आणि मागची बाजू बिघडते. चार टाक्यांच्या चौकोनाभोवती एकाच दिशेने दोनदा फिरले, तर वर पडलेले टाके पुन्हा वरच पडतात. म्हणून एक फेरी झाली की उलट फिरायचे. तीन टाक्यांच्या त्रिकोणात मात्र कोणत्याही दिशेने दुसरी फेरी मारली तरी चालते. हे सगळे दोरा ओवण्याआधी डोक्यात पक्के असावे लागते. प्रत्येक रेघ दोनदा चालायची असल्यामुळे दोऱ्याचा अंदाजही त्याच हिशेबाने करायचा.

यावर गणित जाणणारा म्हणेल, यात एवढे काय? गणितज्ञ ऑयलरने 1736 मध्ये कोनिग्सबर्गच्या पुलांचा प्रश्न सोडवला त्या विचाराने पाहिले, तर सलग जोडलेल्या कोणत्याही आकृतीतली प्रत्येक रेघ दोनदा चालून जिथून निघालो तिथे परतता येतेच. हे खरे आहे. पण वाट असते हे ठाऊक असणे वेगळे आणि शेकडो टाक्यांच्या रथातून ती काढणे वेगळे. शिवाय वाटा अनेक असतात. त्यांतली दोरा सारख्या ताणात राहील आणि कोपऱ्यात कापड आवळणार नाही अशी निवडायची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नक्षी जुनीच, मग तिच्यात नवे काय? उत्तर कापडात आहे. उभे धागे आडव्यांपेक्षा दाट असतील, तर दोन्हीकडे चार-चार धागे मोजल्यावर रथ उंच आणि अरुंद होतो. एकीकडे चार, दुसरीकडे पाच असा मेळ घालावा लागतो. म्हणजे कापड बदलले की रचना पुन्हा करणे आले. धागे मोजता येणार नाहीत इतके पोत बारीक असेल, तर वर जाळीदार कापड टाचतात आणि काम झाल्यावर त्याचे धागे एकेक ओढून काढतात. ही जाळी मोजमापाची सोय करते, वाट दाखवत नाही.

यंत्राबद्दलही स्पष्ट बोलावे. उशीच्या अभ्र्याची आतली बाजू कोणी पाहत नाही. तिथे यंत्राचे स्वस्त काम घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण यंत्रात वरचा दोरा बॉबिनच्या दोऱ्यात अडकतो आणि खाली अस्तर लागते. पदराची मागची बाजू पाहिली की फरक लगेच कळतो. म्हणून हातकामाच्या किमतीत विकलेली साडी उलटून पाहण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

कसुतीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाचे रक्षण होते. वाट आखण्याची विद्या मात्र शिकवली तरच टिकेल. चौकटीच्या कागदावरच्या नमुन्यात आकार मिळतो. सुरुवात कुठे, आधी कोणत्या फाट्यात शिरायचे, कुठून परतायचे, हे आकडे आणि बाण घालून दाखवणे मुळीच खर्चिक नाही. आणि नगाचा दर ठरवताना लांबी-रुंदीबरोबर फाटेही मोजावेत, कारण एकाच मापाच्या सरळ किनारीपेक्षा वृंदावन कितीतरी जास्त विचार मागते.