घरच्या कॉम्प्युटरला यूपीएस घ्यावा का?

वळवाचा पाऊस येतो, लाईट क्षणभर जाते आणि लगेच परत येते. पंखा थांबायच्या आतच पुन्हा वेग घेतो. डेस्कटॉप मात्र बंद पडून नव्याने सुरू होतो आणि सेव्ह न केलेला तासाभराचा हिशेब गेलेला असतो. असे दोन-तीनदा झाले की प्रश्न पडतोच : यूपीएस घ्यावा का?

यूपीएस नेमके काय करतो?

वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण 15 ते 20 मिलिसेकंदच तग धरतो. घरगुती यूपीएस त्याआधीच, सुमारे 10 मिलिसेकंदांच्या आत, बॅटरीवर जातो. त्यामुळे वीज गेल्याचे कॉम्प्युटरला कळतही नाही.

किती वेळ चालतो?

इथे अनेकांची फसगत होते. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. म्हणजे कागदावर 84 वॅट-अवर. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून 120 वॅट घेत असतील, तर हिशेबाने 40 मिनिटे मिळायला हवीत. पण भराभर वीज ओढली की लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, शिवाय काही वीज यूपीएसमध्येच खर्च होते. हाती येतात साधारण 15-20 मिनिटे. म्हणून यूपीएस भारनियमनात काम चालू ठेवण्यासाठी नसतो. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता वेळ तो देतो.

कोणाला गरज नाही?

लॅपटॉपची बॅटरी धड असेल, तर तीच यूपीएसचे काम करते. तिथे अडचण येते ती इंटरनेटची. त्यासाठी राऊटरपुरता छोटा मिनी यूपीएस पुरतो. फक्त राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्टेज जुळवून घ्यावे.

घरात इन्व्हर्टर असेल, तर खर्च करण्याआधी त्यावरचे बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ मोड असतो. त्यात बॅटरीवर जाण्याचा वेळ कमी होतो आणि डेस्कटॉप सहसा बंद पडत नाही. कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, तेवढे तपासावे.

कोणी जरूर घ्यावा?

डेस्कटॉपवर हिशेब, डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑनलाइन परीक्षा असेल आणि लाईट वरचेवर जात असेल, तर यूपीएस घ्यावा. आपोआप सेव्ह होण्याची सोय असली तरी धोका उरतोच. विंडोजचे अपडेट चालू असताना किंवा डिस्कवर माहिती लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइल खराब होऊ शकते, कधी कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

घेताना काय पाहाल?

- व्हीएपेक्षा वॅट पाहा. 600 व्हीएचे यूपीएस बहुतेकदा 360 वॅटचेच असतात. ग्राफिक्स कार्ड असलेल्या कॉम्प्युटरला मोठा लागेल.
- लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.
- सॉकेटला अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ते नसेल तर यूपीएसचे सर्ज संरक्षणही अपुरे पडते.
- बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच धरा. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानदाराला परत द्या, तिच्यात शिसे असते.

निर्णय कसा घ्याल?

स्वतःला एकच प्रश्न विचारा : या क्षणी लाईट गेली तर काय जाईल? फक्त चालू असलेला सिनेमा, तर पैसे वाचवा. दिवसभराचे काम जाणार असेल, तर यूपीएस घ्या. आणि तो असला तरी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा, कारण डिस्कच बिघडली तर यूपीएस काहीच करू शकत नाही.