पाय असलेली अक्षरे

हाऊसच्या भित्तिपत्रकाचा मथळा छापून घ्यायला मी शिवाजीनगरला गेलो होतो. रसेल मार्केटजवळच्या छापखान्यातील चाचांनी जुन्या धाटणीचा, नक्षीदार सेरिफ टाइप दाखवला. सेरिफ म्हणजे इंग्रजी अक्षराच्या रेघेच्या टोकाला असलेला छोटा पाय. रोममध्ये ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ.स. 113 च्या सुमारास कोरलेल्या अक्षरांनाही असे पाय आहेत. आपल्या देवनागरीचा डौल वेगळा. तो बोरूच्या जाड-बारीक रेघांतून आला. जावजी दादाजींनी मुंबईत 1869 साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपांतही तो दिसतो.

मला तो सेरिफ टाइप इतका आवडला, की क्रॉस कंट्रीची सूचनाही मी त्यातच, बारीक आकारात छापली. नक्षीमुळे 5:30 चे 6:30 वाटले. दोन ज्युनिअर फॉल-इनला उशिरा आले आणि त्यांना शिक्षा झाली. मी सरांना माझी चूक सांगितली आणि त्यांच्यासोबत मैदानाच्या फेऱ्या मारल्या.

तेव्हापासून एक नियम पाळतो. मथळा, प्रमाणपत्र, निमंत्रण अशा ठिकाणी शब्द थोडे आणि अक्षर मोठे असते; तिथे नक्षी शोभते. वेळ, ठिकाण आणि हुकूम मात्र साध्या अक्षरात लिहावेत.