जनावरांच्या श्वासमार्गाचे अस्तर : रचना आणि राखण

पावसाळ्याच्या तोंडी कोवळा चारा अधाशीपणे खाऊन बैलाचे पोट फुगते. घरची माणसे घाबरतात. वेसण ओढून बैलाची मान आभाळाकडे केली जाते, जीभ बाहेर ओढून धरली जाते आणि बाटलीभर गोडेतेल घशात ओतले जाते. बैल ठसकतो, धडपडतो. पण थोड्या वेळाने फुगी उतरते व सर्वांना हायसे वाटते. तिसऱ्या दिवशी बैल चारा सोडतो. अंग तापते, नाकपुड्या फेंदारतात, श्वासागणिक तो कण्हू लागतो आणि आठवड्याच्या आत दावण रिकामी होते. पोटाच्या विकारातून वाचलेले जनावर फुफ्फुसाच्या विकाराने दगावले, याला लोक दैव म्हणतात. वस्तुतः यात दैवाचा भाग थोडा आणि हातून झालेल्या चुकीचा भाग मोठा असतो. ही चूक कोणती, हे समजण्यासाठी श्वासमार्गाची डोळ्यांना न दिसणारी रचना थोडीफार माहीत असणे अगत्याचे आहे.

नाक : पहिली चाळण

नाकपुडीतून आत गेलेली हवा सरळ फुफ्फुसात जात नाही. नाकाच्या पोकळीत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात व त्यांवर ओलसर, गुलाबी अस्तर पसरलेले असते. या अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. थंड हवा त्यावरून जाताना ऊबदार होते, कोरडी हवा दमट होते आणि वळणावळणाच्या वाटेने जाताना तिच्यातील जाड धूळ अस्तरावरील चिकट द्रवात अडकून राहते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे असलेले बहुतेक कण येथेच थांबतात. त्याहून बारीक कण मात्र पुढे सरकतात.

श्वासनलिका : चालते अस्तर

नाकामागे घसा, त्यापुढे स्वरयंत्र व त्याखाली श्वासनलिका अशी वाट आहे. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीत हाताला लागणारा लवचिक, कडक भाग. गाईबैलांत ही कडी पाठीकडील बाजूस पूर्ण मिटलेली नसतात. तेथे स्नायूचा पट्टा असतो. या कड्यांमुळे मान कशीही वळली तरी हवेची वाट मिटत नाही.

या नळीचे आतील अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता उभ्या, उंचट पेशी एकमेकींस खेटून बसलेल्या दिसतात. त्यांपैकी पुष्कळ पेशींच्या माथ्यावर पापणीच्या केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर अशा सुमारे २०० ते ३०० पक्ष्माभिका असतात व प्रत्येकीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाचसहा पट भरते. या पेशींच्या अधूनमधून पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्या श्लेष्मा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव, स्रवतात. तळाशी लहान, गोलसर पेशी असतात. वरची पेशी झिजली किंवा मेली की या तळपेशींतून नवी तयार होते.

वाऱ्यावर जोंधळ्याचे शेत एका लयीत डुलावे, त्याप्रमाणे या पक्ष्माभिका सेकंदाला दहाहून अधिक वेळा एकाच दिशेने हलतात. ती दिशा घशाकडची असते. त्यांच्या माथ्यावर श्लेष्म्याचा पातळ थर तरंगत असतो. धूळ, बुरशीचे बीजाणू, रोगजंतू यांपैकी जे काही त्यात चिकटते, ते या थराबरोबर हळूहळू वर वाहून नेले जाते व घशाशी येताच गिळले जाते किंवा खोकल्यावाटे बाहेर पडते. हे काम रात्रंदिवस चालते. निरोगी जनावराच्या श्वासनलिकेचा खालचा भाग बराचसा स्वच्छ राहतो तो यामुळेच.

बारीक फाटे आणि वायुकोश

श्वासनलिकेला पुढे दोन मोठे फाटे फुटतात व झाडाच्या फांद्यांप्रमाणे त्यांना पुन्हा पुन्हा उपफाटे फुटत जातात. मोठ्या फाट्यांत कूर्चेचे तुकडे असतात. फाटे बारीक होत गेले की कूर्चा नाहीशी होते, चिकट द्रव स्रवणाऱ्या पेशी कमी होतात आणि अस्तरातील पेशी ठेंगण्या होतात. येथे भिंतीत मुख्यतः स्नायू उरतो. सूज आल्यास किंवा स्नायू आखडल्यास हे बारीक फाटे लवकर बंद होतात, कारण त्यांना उघडे ठेवणारे कडे नसते.

शेवटी द्राक्षाच्या घोसासारखे वायुकोश लागतात. त्यांची भिंत अत्यंत पातळ असते. भिंतीचा बहुतेक भाग चपट्या, पापुद्र्यासारख्या पेशींनी व्यापलेला असतो व तिला लगटून रक्ताच्या केशवाहिन्या असतात. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यातून प्राणवायू रक्तात जातो व कर्बवायू बाहेर येतो. काही गोलसर पेशी साबणाच्या पाण्यासारखे कार्य करणारा एक पदार्थ स्रवतात. त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाहीत. इटलीतील शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाने या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या आणि हृदयातून निघालेले रक्त परत हृदयाकडे कोणत्या वाटेने जाते, याचा उलगडा झाला.

वायुकोशांत पक्ष्माभिका नसतात. तेथे पोहोचलेली घाण झाडून काढण्याची सोय नाही. भक्षक पेशी तेवढ्या फिरत असतात व आलेले जंतू गिळून टाकतात. थोडी घाण आली तर त्या पुरेशा होतात. ओंजळभर औषध आले तर त्यांचा निभाव लागत नाही.

गाईबैलांच्या फुफ्फुसाचे वैशिष्ट्य

शरीराच्या मानाने गाईबैलांचे फुफ्फुस लहान असते. शिवाय त्याचे जाड पडद्यांनी अनेक लहान कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्याची वाट बंद झाली तर शेजारच्या कप्प्यातून त्यात हवा शिरू शकत नाही. तो भाग निकामी होतो. रवंथ करणाऱ्या जनावरांत आणखी एक गोष्ट आढळते. उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या खंडाकडे जाणारा फाटा श्वासनलिका दुभागण्यापूर्वीच फुटतो. नलिकेत शिरलेले औषध पुष्कळदा प्रथम या खंडात उतरते. म्हणूनच ठसक्यानंतरच्या फुफ्फुसदाहाची सुरुवात बहुधा छातीच्या पुढील व खालील भागात होते.

औषध वाट का चुकते?

घशात अन्नाची वाट व हवेची वाट एकमेकींस छेदतात. गिळताना जिभेचे मूळ मागे सरकते व पानाच्या आकाराचे कूर्चेचे झाकण हवेची वाट झाकते. जीभ बाहेर ओढून धरली म्हणजे जनावरास गिळता येत नाही व वाट उघडी राहते. त्यातच मान आभाळाकडे केलेली असली, तर औषध आपल्या वजनानेच श्वासनलिकेत उतरते. पाण्यासारखा द्रव गेल्यास जोराचा ठसका लागतो व काही भाग बाहेर पडतो. तेल सौम्य असल्यामुळे ठसका बेताचाच लागतो. पण ते शोषले जात नाही, वायुकोशांत साचून राहते व त्याच्या आश्रयाने जंतू वाढतात.

धूळ, बुरशी व मुतारीचा वायू

वाट चुकलेले औषध अस्तराला एका दिवसात हरवते. कोंदट गोठा तेच काम हळूहळू करतो. मलमूत्र कुजून अमोनिया वायू सुटतो. तो अस्तराच्या ओलाव्यात विरघळतो व पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास त्या झडूनही जातात. बुरशी आलेल्या कडब्यातील बीजाणू इतके बारीक असतात की ते थेट वायुकोशांपर्यंत जातात. थंडीच्या भीतीने गोठ्याची प्रत्येक फट गोणपाटाने बंद केली जाते. तेव्हा थंडीपेक्षा आतला वायूच वासरांना अधिक बाधतो. जनावरास पाणी कमी मिळाल्यास श्लेष्मा घट्ट होतो व पक्ष्माभिकांना तो हलवता येत नाही.

घटसर्पासारख्या रोगाचे जंतू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातही वास करून असतात. लांबचा प्रवास, उपासमार, अतिश्रम, पावसात भिजणे यांमुळे अंगची शक्ती खचली की हे जंतू बळावतात. गळ्यास सूज येते, श्वासास घरघर लागते व जनावर एकदोन दिवसांतही दगावते. म्हशींना हा रोग विशेष जाचक होतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी टोचून घेणे हाच खरा उपाय होय.

कोंबड्यांची गोष्ट निराळी

कोंबडीच्या फुफ्फुसात वायुकोशांचे घोस नसतात. तेथे बारीक नळ्यांचे जाळे असते व त्यातून हवा एकाच दिशेने वाहते. फुफ्फुसास जोडलेल्या नऊ पातळ हवेच्या पिशव्या शरीरभर पसरलेल्या असतात. या पिशव्यांना रक्तपुरवठा थोडा असल्यामुळे तेथे शिरलेला रोग लवकर हटत नाही. श्वासनलिकेचे अस्तर मात्र गाईप्रमाणेच पक्ष्माभिकायुक्त असते. कोंबडीघरातील अमोनियाचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांपेक्षा कमी राखावे, असे सांगितले जाते. माणसाचे डोळे चुरचुरू लागले, तर पक्ष्यांच्या अस्तराला इजा पोहोचू लागली आहे असेच समजावे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस पिलांच्या डोळ्यांत वा नाकात थेंबाने घालतात. त्यामुळे याच अस्तरात प्रतिकारशक्ती निर्माण होते. गादीचा भुसा ओला होऊ न देणे व तो वरचेवर हलवणे हे काम त्या दृष्टीने लसीइतकेच महत्त्वाचे आहे.

काय करावे?

१. औषध पाजताना जनावराचे नाक डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर नेऊ नये. जीभ ओढू नये, नाकपुड्या दाबू नयेत. तोंडाच्या कोपऱ्यातील दात नसलेल्या जागेतून थोडे थोडे औषध सोडावे व प्रत्येक घोट गिळू द्यावा.

२. ठसका लागताच थांबावे व मान मोकळी सोडून खाली करू द्यावी. उरलेले औषध घाईने संपवू नये.

३. आडव्या पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावरास तोंडाने काहीही पाजू नये. व्याल्यानंतर दुग्धज्वराने बसलेल्या गाईस गिळता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. अशा वेळी पशुवैद्यास बोलवावे.

४. गोठ्यास छपराजवळ हवा बाहेर जाण्याची वाट ठेवावी. जमीन उतरती करून मूत्र वाहून जाऊ द्यावे. वासराच्या तोंडाच्या उंचीवर बसून वास घ्यावा. आपले नाक झोंबले तर गोठा ताबडतोब स्वच्छ करावा.

५. बुरशी आलेला कडबा खाऊ घालू नये. कुट्टी धुळकट असल्यास पाणी शिंपडून द्यावी. पिण्याचे स्वच्छ पाणी भरपूर ठेवावे.

६. आजारी जनावराचे श्वास मोजावेत. मोठे जनावर विसावलेले असता, थंड वेळी, मिनिटास साधारणपणे १५ ते ३० श्वास घेते. बरगडीमागील कुशीची हालचाल पाहून ते मोजता येतात. उन्हाचे किंवा श्रमाचे कारण नसता श्वास वाढले असतील व अंगात ताप असेल तर दवाखान्यात त्वरित कळवावे. पूर्वी औषध पाजताना ठसका लागला होता काय, हेही न लपवता सांगावे.

७. फुफ्फुसाच्या रोगातून उठलेल्या बैलास लगेच जू देऊ नये. तळपेशींपासून नवे अस्तर तयार होण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्याला धुळीपासून दूर ठेवून विश्रांती द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांसमोर एखाद्या शांत जनावरास साधे पाणी पाजून योग्य रीत प्रत्यक्ष दाखवावी. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते अशा एका प्रात्यक्षिकाने होईल. फुफ्फुसात उतरलेले तेल कोणत्याही औषधाने परत काढता येत नाही. परंतु ते तेथे जाऊ न देणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. मान किती वर धरावी एवढे समजले आणि हात थोडा सबुरीने चालवला, म्हणजे पुरे.